गाठीचं वय

विम्याच्या खिडकीवरच्या पोरीनं मले इचारलं, काका, ही गाठ किती दिवसांपासून हाये, आन् मी छाती फुगवून सांगतलं, पंधरा वर्षं जुनी हाये. खरं म्हंजे ती दीडएक वर्षाची होती. माह्या पोरीनं माहा विमा काढला तो त्याच्याबी आधी, म्हंजे मी नुसतं खरं बोललो असतो तं दवाखान्याचं सारं बिल विमेवाल्यायनं भरलं असतं. पन मी खोटं बोललो, आन् तेबी स्वतःच्याच नुकसानीचं. असं खोटं बोलनारा मानूस साऱ्या वाशिम जिल्ह्यात दुसरा सापडाचा नाही, म्हनून तं तुमी मले शोधत आले असान.

आता तुमी म्हनसान, शाना मानूस असं काहून करन. ते समजाले पयले माहा धंदा समजा लागते. मी बँडवाला. क्लॅरोनेट वाजवतो. माहं नाव उत्तम, लोक मले उत्तम मास्तर म्हनतात. मास्तर म्हंजे शाळेतला नव्हे, बँडचा. शाळेतल्या मास्तरायनं तं मले चवथीतच हात जोडले होते.

रिसोडच्या अंगाले आमचं खेडं. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, आन् माह्या मायचा भाऊ, माहा मामा, त्याचा रिसोडले बँड होता. मामानं मले उचलून नेलं, म्हने ह्याचे गाल मोठे हायेत, हे पोट्टं कामाचं हाये. गाल पाहून नोकरी भेटलेला मी एकटाच असन. पयलं वर्ष मामानं क्लॅरोनेटले हात लावू देला नाही. पपईचा पोकळ देठ तोंडात द्याचा आन् बादलीतल्या पान्यात फुंकाले लावाचा. बुडबुडे तुटले नाही पायजे. तोंडानं हवा सोडाची आन् त्याच येळी नाकानं घ्याची, गाल भरून ठेवाचे. मी फुंकून राह्यलो, मामा बाजेवर पडून बुडबुडे ऐकून राह्यला, डोळे मिटलेले, मले वाटे झोपला, मी जरासा दम घेतला का त्याची चप्पल येऊन पाठीत बसे. माही मामी म्हने, कायले लेकराले मारता, तं मामा म्हने, मी लेकराले नाही मारून राह्यलो, दम घेनाऱ्याले मारून राह्यलो.

काय सांगू तुमाले, काय दिवस होते ते. उन्हाळा लागला का आमी घरी नसोच. आज इकडं लगन तं उद्या तिकडं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, मांडीवर ढोल, डोक्शावर गॅसबत्तीचे डबे, अंगात तो लाल कोट. कोट एकाच मापाचे शिवलेले, मले बाह्या गुडघ्यापावतर येत आन् आमच्या ढोलवाल्या गफ्फारभाईचं पोट बटनाच्या बाहीर. गावाच्या शिवंवर उतरलं का कोट झटकाचे, पट्टे बांधाचे, आन् पयला सूर सोडला का सारं गाव पयत बाहीर. बाया पिठाच्या हातानं दारात, पोट्टे चड्ड्या सांभाळत मांगं. मानूस राजा असला तं त्याले असंच वाटत असन.

तं वयाची गोष्ट. मामानं नवा बँड काढला त्याच महिन्यात पेंटरले पाटी लिवाले सांगतली, पंचवीस वर्षं जुना सुप्रसिद्ध बँड. पेंटर म्हने, मालक, अजून रंग वाळला नाही आन् पंचवीस वर्षं कुठून आनले. मामा म्हने, तुले काय कराचं, नव्या बँडले लगनाची सुपारी कोन देते. तवापासून आमच्या धंद्यात हे चालूच हाये, कोनी इचारलं का दहा-पंधरा वर्षं टाकूनच सांगाचे, ढोल नवा असला तं म्हनाचं आज्याचा हाये. जिभेले सवयच पडली. आन् त्या विम्याच्या पोरीनं मान वर करून इचारलं, किती जुनी, तं माह्या तोंडातून आपोआप निघालं.

आता गाठ कशी आली ते सांगतो. कानाच्या खाली, जबड्याच्या वाकनात, पयले बोराएवढी. दुखे ना खुपे. गफ्फारभाई म्हने, मास्तर, एवढी वर्षं फुंकली ती हवा कुठंतरी जमा होनारच. मले ते खरं वाटलं. गाठ आवळ्याएवढी झाली तवा बायकोनं, म्हंजे कांतानं, पुन्याच्या पोरीले फोन लावला. आमची सुजाता तिकडं कंपनीत हाये, तिनंच तो विमा काढला होता आमच्या दोघांचा. ती धावत आली, मले अकोल्याले एका मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यायनं सुई टोचून पानी काढलं, तपासाले देलं. कांतानं ते दोन दिवस जेवन केलं नाही. मंग कागद आला, साधी गाठ हाये, कॅन्सर नाही. पन काढा लागन, ठेवली तं वाढन, आन् पुढं कधी बिघडूबी शकते.

मी म्हनलं, काढा मंग. तवा डॉक्टर म्हने, एक गोष्ट ऐकून घ्या. चेहरा हलवनारी नस या गाठीच्या पोटातून म्हना का बाजूनं म्हना, तथूनच जाते. तिचे बारीक फाटे डोळ्याले, गालाले, ओठाले. तिले धक्का लागला तं तोंड वाकडं होऊ शकते.

भाऊ, दुसऱ्याचं तोंड वाकडं झालं तं तो आरशात पाहाचं बंद करन, झालं. माहं तोंड वाकडं झालं तं क्लॅरोनेटच गेलं. ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुटली का सूर मेला. डीजे आल्यापासून सुपाऱ्या तशाबी कमी झाल्या होत्या, पैशाचं सोडा, पन मामानं देलेली ती एकच चीज माह्यापाशी. वावर नाही, घर घरकुलातलं. मी कोन, म्हनलं तं फुंकनारा मानूस. फुंक गेली तं खाली काय राहते, नुसते मोठे गाल.

तं मोठा डॉक्टर ठरला, विम्यात बसून राह्यला होता, पैसा भराचा नव्हता, आन् मी खिडकीवर जाऊन पंधरा वर्षं म्हनलो. चार दिवसांनी विमेवाल्यायचं पत्र आलं, तुमी विमा काढतानी जुनं दुखनं लपवलं, पैसे भेटनार नाहीत. सुजातानं फोनवर मले इचारलं, बाबा, तुमी पंधरा वर्षं काहून सांगतलं? मी म्हनलं, अवं, जुनं म्हनलं तं जरा वजन पडते. तिकडून पोरीनं फोनच ठेवून देला. मले वाटलं रेंज गेली. मंग मी जाऊन खिडकीवर सांगतलं, पोरी, चुकलं, दीड वर्ष लिव. ती म्हने, काका, आता बदलवलं तं ते खोटं वाटन. माह्या जिंदगीत खरं बोललो आन् खोटा ठरलो असं पयलेच झालं.

आता दोन रस्ते राह्यले. एक, त्याच मोठ्या डॉक्टरकडं रोखीनं जाचं, त्यासाठी सुजाता कर्ज काढाले तयार. दुसरा, सरकारी योजनेचं कार्ड. ते कार्ड अकोल्याच्या दुसऱ्या एका दवाखान्यात चाले, एक रुपया लागनार नव्हता, पन तथी ऑपरेशन करनारी एक तरुन डॉक्टरीनबाई. सुजाता म्हने, बाबा, मोठाच डॉक्टर करू. कांता म्हने, पोरीच्या डोक्शावर कर्ज नोको. आन् मी मनातल्या मनात भेलो ते वेगळ्याच कारनानं.

कारन मले माहीत होतं ना, कमी पैशाच्या सुपारीले मी काय करत होतो. तालेवाराचं लगन असलं का मी स्वतः पुढं, झालरीच्या टोपीत. गरिबाचं असलं का मी गावात उतरून एक गानं वाजवाचो, मालकाले तोंड दाखवाचो, आन् मांगच्या मांगं सटकाचो, बाकीचं शिकाऊ पोट्टे वाजवत. मले वाटलं, ह्या बाईनंबी माह्यासारखंच केलं तं? मी टेबलावर बेहोश, बाई तोंड दाखवून गेली, आन् माही नस पोट्ट्यायच्या हाती.

गफ्फारभाईले सांगतलं. तो म्हने, मास्तर, आपल्याले सुपारी कशी देत होते लोक? दुसऱ्याच्या मांडवात मांगं उभे राहून आपला बँड ऐकत, मंग सुपारी देत. आपुनबी तसंच करू. दोन्ही डॉक्टरांचे बरे झालेले पेशंट पाहू, त्यायले फुंकाले लावू. मले ते एकदम पटलं. आमाले कोनतं गाव नवीन होतं का, साऱ्या जिल्ह्यात आमी वाजवलेलं, इचारत इचारत दोन पेशंट सापडले. एक शिरपूर जैनले, मोठ्या डॉक्टरचा. एक किन्हीराजाले, बाईची.

पयले शिरपूर. एसटीनं गेलो. तथी देवळाच्या रस्त्यावर एका मानसाचं खेळन्याचं दुकान, त्याची अशीच गाठ मोठ्या डॉक्टरनं काढलेली. आमी समोरच्या हॉटेलात चहा घेत लपून पाहून राह्यलो. त्याचा डावा गाल फुगलेला, तोंड एका अंगाले, बोलला तं शब्द बोबडे. गफ्फारभाई हळूच म्हने, या अल्ला. माहा चहा तसाच राह्यला. जवळ जाऊन इचाराची हिंमत झाली नाही. परतीच्या एसटीत बसलो. मोठा डॉक्टर मी तथीच कटवला.

दुसऱ्या दिवशी किन्हीराजा. बाईनं ज्या म्हातारीची गाठ काढली होती ती पडवीत चुलीवर पानी तापवून राह्यली होती. आमी राम राम केला, आन् सांगावं कसं ते सुचेना. दोन बुढे, एकाच्या हाती पिशवी, अंगात इस्त्रीचे कपडे. म्हातारीनं आमाले वरून खालवर पाह्यलं आन् म्हने, माही नात अजून शिकून राह्यली, आमाले लगन कराचं नाही. गफ्फारभाई म्हने, नाही मावशी, आमी पोरगी पाहाले नाही, तुमालेच पाहाले आलो. म्हातारीनं फुंकनीच उचलली.

मंग मी माही गाठ दाखवली, सारं सांगतलं. ती हासाले लागली. कानाखालची बारीक रेघ दाखवली, पाह्यल्याशिवाय दिसत नव्हती. मी म्हनलं, मावशी, जरा फुंकून दाखवा. तिनं चुलीत फुंकनी घातली आन् फुंकलं. मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओठाचा कोपरा पाहून राह्यलो, हवा सुटते का. नाही सुटली. जाळ भक्कन उठला, राख माह्या डोळ्यात. मी डोळे चोळून राह्यलो तं म्हातारी म्हने, थांब, तू तोच ना रे बँडवाला? माह्या पोरीच्या लगनात नवरदेव दारात यायच्या आधीच तूनं बिदाईचं वाजवलं होतं. पोरगी हळद लावूनच रडाले लागली, साऱ्या बाया रडाले लागल्या, नवरदेव घोड्यावर बसून इचारे, कोन मेलं?

तोच मी. काय करता, त्या दिवशी दोन लगनं होती, मी इकडंतिकडंचं एक करून टाकलं. पन सांगतो तुमाले, म्हातारीले ते लगन आठवलं आन् मंग आमाले उठूच देलं नाही. तवाची पंगत कशी होती, वांग्याची भाजी कोनी केली होती, मांडवाले पळसाचा पाला कोनी आनला होता, ती पोरगी आता आजी झाली. म्हने, आता डीजे येते, छाती धडधडते, कोनतं गानं होतं ते आठवत नाही. तूनं चुकीचं वाजवलं, पन आठवते तं खरं. मी बुढा मानूस, पन तथी चुलीसमोर मले हुंदका आला. म्हातारीले वाटलं राख गेली, तिनं पदरानं डोळे पुसून देले.

तं बाई ठरली. कांताले आन् गफ्फारभाईले घेऊन दवाखान्यात गेलो, कार्ड देलं, आन् खिडकीवर कोनी काही इचाराच्या आधीच म्हनलं, दीड वर्ष. मंग बाईसमोर बसलो आन् सरळ इचारलं, बाई, ऑपरेशन तुमी स्वतः करसान का पोट्ट्यायले पाठवसान? ती म्हने, असं काहून वाटलं? मी माह्या सुपाऱ्यायची गोष्ट सांगतली. ती हासली नाही. म्हने, कार्डवाल्याची नस अन् पैसेवाल्याची नस एकाच जागी राहते, हात माहाच राहीन, पोट्टे मदतीले राहतीन. मी फुंकनीचंबी सांगतलं, तवा मातर ती चिडली. म्हने, त्या आजीची गाठ वरच्या अंगाले होती, तुमची नशीले टेकून हाये. तिचं बरं झालं म्हनून तुमचं तसंच होईन असं मी लिहून देनार नाही. काही महिने ओठ ढिला पडू शकते. कायमचा पडायचं भेव कमी हाये, पन नाहीच असं मी म्हननार नाही. तुमी वाजवता हे आधी सांगतलं ते बरं केलं.

म्हंजे माही सारी परीक्षा कुचकामी. त्याच्यावर अजून ऐका. तारीख घेऊन बाहीर पडलो तं शिरपूरचा तो खेळन्यावाला दवाखान्याच्या फाटकासमोर उभा, कोन्या नातेवाईकाले घेऊन आला होता. मी जाऊन म्हनलं, भाऊ, फार वाईट वाटलं तुमच्या तोंडाचं. त्यानं बाजूले वळून ही मोठी पिचकारी मारली, गाल खाली बसला, तोंड एकदम सरळ. म्हने, काय झालं तोंडाले? खर्रा होता राजेहो! गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून बसला होता, आन् मी त्याच्या खर्र्यावरून मोठा डॉक्टर कटवला होता. गफ्फारभाई रस्त्यावर खालीच बसला. त्याले हासू आवरेना, मले घाम.

आता मी हटलो. मोठा डॉक्टर चांगलाच होता तं. सुजाताले फोन करू, कर्ज काढाले सांगू? पाय अर्धे बाहीर, अर्धे अंदर. कांतानं हात धरला. म्हने, तुमी इचार केला का घोटाळा होते. त्या बाईनं तुमचं तोंड पाहून गोड सांगतलं नाही, मले तेवढं पुरे. तारीख घेतली तं घेतली, आता मांगं सरकाचं नाही.

ऑपरेशन झालं. शुद्ध आली तं पयले कांताचं तोंड दिसलं. ती म्हने, हासून दाखवा. मी हासलो. तिनं पदरानं माह्या ओठाचा कोपरा पुसला, आन् मी समजलो. उजवा ओठ खाली लोंबून राह्यला होता. चहा पेला तं अर्धा शर्टवर. बाई आली, म्हने, नस अख्खी हाये, मी स्वतः पाह्यली, पन गाठीवरून सोडवताना तानली गेली, ती जागी व्हाले येळ लागन. रोज आरशासमोर ओठाची कसरत करा, वाजवाले मातर मी सांगन तवाच.

तो पावसाळा फार लांब गेला. क्लॅरोनेट पेटीत. मी आरशासमोर बसून तोंडं करू, आमच्या घरावरून जानारे पोट्टे खिडकीत थांबून पाहत. बाईनं फुंकाची परवानगी देली तवा घरामांगच्या पपईचा देठ तोडला आन् बादलीत फुंकत बसलो, सत्तावन्न वर्षांचा मानूस. चार बुडबुडे निघाले का ओठातून हवा फिस्स. काही दिवस असे गेले का मी देठ फेकून द्याचो, मंग कांता गुपचूप दुसरा तोडून बादलीपाशी ठेवाची. बाजेवर मामा नव्हता. कोनी चप्पल मारनारं नव्हतं, तेच्यानंच जास्त रडू ये. लेकरू असतानी वाटे, हा बुढा कधी मरते. आन् आता वाटे, एकडाव उठून ये, मार मले, पन सांग बुडबुडे बरोबर हायेत का नाही.

हळूहळू बुडबुडे जुळत आले. दिवाळीच्या मांगंपुढं चहा शर्टवर सांडाचा थांबला. त्या डॉक्टरीनबाईचं भलं होवो, तिच्या हाताले यश राहो, विम्याच्या पोरीचंबी भलं होवो, तिनं काही वाकडं केलं नाही, वाकडं सारं मीच केलं.

यंदा भीमजयंतीले मिरवनुकीत डीजे होताच. पन गावातले पोट्टे आले, म्हने, मास्तर, डीजे चालू व्हाच्या आधी विहारासमोर एक गानं तुमचं. मी लाल कोट काढला, कांतानं बटनं लावून देली. गफ्फारभाई ढोल घेऊन रिसोडहून आला. सारं गाव बसलं, बाया पुढं, म्हातारे कठड्यावर. मी पेटी उघडली, फुंकाच्या जागची पत्ती ओली केली, क्लॅरोनेट तोंडाले लावलं. आन् सूर निघाला, राजेहो. सरळ निघाला. मामाचा बँड जसा गावात शिरे, तसा. म्हाताऱ्यायनं माना हलवल्या. गफ्फारभाईचे डोळे भरले, ठेका दोनदा चुकला.

पन शेवटी तो वरचा सूर आला, गान्याचा कळस, आन् तो फाटला. कोंबडं आरवावं तसा. मी क्लॅरोनेट खाली घेतलं, साऱ्यायले हात जोडले, आन् म्हनलं, मायबापहो, माफी करा, ऑपरेशन झालं ना, नशीले तान बसला, तवापासून हा वरचा सूर लागत नाही. बाया हळहळल्या. एकीनं तं डोळ्याले पदर लावला.

तवा पुढच्या लाइनीत बसलेली माही कांता साऱ्या गावाले ऐकू जाईन अशी बोलली, कायले त्या बाईले बदनाम करता, तीस वर्षं झाले माह्या लगनाले, हा सूर तुमाले कधी लागला होता?